प्रागमधली तळघरातली छोटी बिअरघरं: जागा, फेस आणि चिठ्ठीवरच्या रेघा

तांब्याभांडं

प्रागवर इथे आधीचे धागे आहेत, पण सगळे किल्ला, पूल आणि घड्याळ यांच्यापाशी येऊन थांबतात. जमिनीखालच्या बिअरघरांबद्दल कुणी धड लिहिलेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. स्तारे म्येस्तो, म्हणजे जुनं शहर, आणि त्याच्या आसपास सहा-सात टेबलांची, दगडी कमानींची जी तळघरं आहेत त्यांच्यापुरतंच इथे बोलू. बँड वाजवणारे चारशे खुर्च्यांचे हॉल नकोत.

ही तळघरं मुळात तळघरं म्हणून बांधलेलीच नाहीत, ही त्यातली गंमत. बाराव्या शतकात ती रस्त्याच्या पातळीवरची दगडी घरं होती. व्ल्तावा नदीचं पाणी वारंवार शहरात शिरायचं, म्हणून तेराव्या शतकात भराव टाकून जुन्या शहराची जमीनच वर उचलली, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटर. रस्ता वर गेला, तळमजला खाली राहिला. आज आपण जिथे ग्लास घेऊन बसतो ती कुणाची तरी रस्त्यालगतची खोली होती. भिंतीत छोटे, चौकोनी घडवलेले, पिवळसर-करडे दगड दिसले की समजायचं हा त्या काळातला भाग. या दगडाला तिथे ओपुका म्हणतात. मऊ असतो, ओल धरतो, त्यामुळे भिंतीला टेकलं की कोटाला पांढरी पूड लागते.

आता कामाचं. दारावर ‘सेम’ लिहिलं असेल तर ओढायचं, ‘ताम’ असेल तर ढकलायचं. ‘पोझोर’ म्हणजे सांभाळा. तो शब्द बहुधा जिन्याच्या वरच्या कमानीवर असतो आणि साडेपाच फुटांवरच्या माणसाने तो गांभीर्याने घ्यावा. जुन्या पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, मधली झिजलेली असते. उतरताना कडेने, भिंतीला हात लावून.

आत गेल्यावर ‘दोब्री देन’ म्हणायचं (संध्याकाळी ‘दोब्री वेचेर’) आणि क्षणभर थांबायचं. रिकामी खुर्ची दिसली म्हणून धावत जाऊन बसायचं नाही. टेबलावर ‘रेझेर्वे’ची पाटी असेल तर ते टेबल विसरा. दुसऱ्यांच्या टेबलाशी जागा असेल तर ‘ये तू वोल्नो?’ (इथे मोकळं आहे का?) विचारायचं. अनोळखी लोकांच्या शेजारी बसणं तिथे अगदी नेहमीचं. त्यासाठी गप्पा माराव्या लागत नाहीत.

माणसं दोन ते चार. आठ जणांचा घोळका घेऊन सहा टेबलांच्या तळघरात गेलात तर दारातूनच परत पाठवतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

वरणफळ

छान धागा. एक शंका. तिकडच्या फोटोंत ग्लासात तीन-तीन बोटं फेस दिसतो. आपल्याकडे एवढा फेस आला की वेटरला हाक मारतात. पैसे पूर्ण आणि बिअर पाऊण, ही लूट नाही का?

फेसाळ

लूट आहे की नाही ते ग्लासावरच लिहिलेलं असतं. ग्लासाच्या काचेवर कडेच्या बरंच खाली ०,५ लि. अशी आडवी रेघ असते. फेस बसल्यावर बिअर त्या रेघेला टेकली पाहिजे. रेघेच्या वरची जागा फेसासाठीच सोडलेली असते, म्हणजे ग्लास मुळातच अर्ध्या लिटरपेक्षा मोठा. बसल्यावरही बिअर रेघेच्या खाली राहिली तर त्याला चेक भाषेत खास शब्द आहे: पोद्मीराक, म्हणजे मापात मारलेली बिअर. त्यावर शांतपणे रेघेकडे बोट दाखवलं की पुरतं. तिथलं व्यापार-तपासणी खातं माप तपासतं, त्यामुळे दुकानदार वाद घालत बसत नाही.

फेस का ठेवतात ते नीट सांगतो, कारण याच एका मुद्द्यावर आपली मंडळी अडतात.

तिथला नळ आपल्याकडच्यासारखा पुढे ओढायचा नसतो, दांडा बाजूला फिरवायचा असतो. आत गोळ्याची झडप आणि तोटीत बारीक जाळी. दांडा अर्धवट फिरवला की बिअर जाळीतून दाबाने फुटून येते आणि दाट, ओला फेस बनतो. पूर्ण फिरवला की नुसती बिअर. म्हणजे फेस ही ओतण्यातली चूक नसून वेगळा करून घातलेला भाग आहे.

नीट ओतणारा माणूस काय करतो ते काउंटरशी उभं राहून बघा. ग्लास आधी गार पाण्यात बुडवून काढतो, पुसत नाही. ओली गार काच असली की बिअर घसरत जाते, भडकत नाही. मग ग्लास ४५ अंशांत तिरका, तोटी काचेला लागून आत. आधी दांडा थोडा उघडून तळाशी फेस घेतो. मग तोटीचं तोंड त्या फेसाच्या आत ठेवूनच दांडा पूर्ण उघडतो. बिअर फेसाखाली भरत जाते, फेस वर उचलला जातो, आणि ओतताना बिअरला हवा लागतच नाही. ग्लास सरळ होतो, दांडा बंद. सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा. फेस वर सायीसारखा घट्ट बसतो. हवा आत जाऊ देत नाही, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडसर चव देणाऱ्या फुलांचा, वास धरून ठेवतो.

या ओतण्याला ह्लादिन्का म्हणतात. दुसरं श्नित: त्याच ग्लासात निम्म्याच्या आसपास बिअर, भरपूर फेस. शेवटचा ग्लास हलका हवा असेल तेव्हा. तिसरं म्लीको, म्हणजे शब्दशः दूध: जवळजवळ सगळा ओला फेस, गोडसर लागतो. तो पाणी व्हायच्या आत एका दमात संपवायचा, घोट घोट घेत बसलात तर हाती सपक द्रव उरतो. म्लीको सगळीकडे देत नाहीत. गर्दीच्या वेळी मागूही नये.

वरणफळ

पटलं. रेघेचं माहीत नव्हतं. म्हणजे फेसाचे पैसे घेत नाहीत, असंच ना?

फेसाळ

ह्लादिन्कात नाही.

शून्य_पॉइंट_पाच

फेसाळ यांच्या प्रतिसादाला +१, आणि थोडी भर.

बिअर बरी आहे की नाही हे पहिल्या पाच घोटांत काच सांगते. प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं काचेला चिकटून राहिलं पाहिजे. कडी उमटत नाहीत आणि फेस भराभर मरतो, तर ग्लासाला तेलकटपणा आहे. बुडबुडे काचेच्या एकाच जागी चिकटून बसले असतील तर तिथे घाण राहिलीय. आंबट व्हिनेगरसारखा वास आला तर नळ्या धुतलेल्या नाहीत. बिअरच्या नळ्या आठवड्या-दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात, नाहीतर आत थर धरतो. लोण्याचा हलका वास मात्र चेक लागरमध्ये काही ठिकाणी मुळातच असतो, त्यावरून तक्रार करू नका. लोणी ताटात पडल्यासारखा वास असेल तरच शंका घ्या.

लहान तळघराची निवड करताना माझा एकच निकष: नळ किती. सहा टेबलांच्या जागेत बारा नळ असतील तर मी म्हणेन बाहेर पडा. पन्नास लिटरचं पिंप उघडल्यावर ते पटापट संपायला हवं. बारा पिंपं उघडी ठेवली की त्यातली आठ तरी रेंगाळतात. दोन किंवा तीन नळ, त्यातला एक सतत चालू, अशी जागा शोधा.

कोथरूड_ते_ब्र्नो

टाकीच्या बिअरचं कुणी लिहिलं नाही. बाहेर ‘तांकोवे पिवो’ अशी पाटी दिसते, तिचा अर्थ असा. कारखान्यातून पाश्चराइझ न केलेली बिअर टँकरने येते आणि पाइपाने ५०० किंवा १००० लिटरच्या टाकीत भरतात. टाकीच्या आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी, बिअर त्या पिशवीत. पिशवी आणि टाकी यांच्या मधल्या जागेत दाबाची हवा सोडतात, पिशवी दाबली जाते, बिअर नळाकडे जाते. हवा आणि बिअर यांची गाठच पडत नाही. पण ही बिअर टिकाऊ नसते, दोनेक आठवड्यांत खपलीच पाहिजे. म्हणून टाक्या मोठ्या खपाच्या जागी. चिमुकल्या तळघरात टाकीची पाटी असेल तर बहुधा वर मोठं दुकान आहे आणि खाली त्याचीच एक खोली. वाईट काही नाही, फक्त माहीत असावं.

अगदी छोट्या जागी पिंपंच असतात. भरलेलं पन्नास लिटरचं पिंप साठ किलोच्या वर जातं. ते त्या वाकड्या जिन्याने उतरवतात, म्हणून अशा ठिकाणी बऱ्याचदा तीस लिटरची दिसतात. दुपारी माल उतरत असेल तर जिना अडवून फोटो काढत उभे राहू नका.

ब्रँडचा मोह सोडा, अंश बघा. पाटीवर १०, ११, १२ असे आकडे असतात. ही दारूची टक्केवारी नव्हे. आंबवण्याआधी त्या रसात विरघळलेला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) अर्क शेकडा किती, ते माप. प्रागचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग याच्या कामातून आलेलं. देसीत्का (दहा अंश) साधारण ४ टक्के, बारा अंशांची ५ च्या आसपास. पिल्स्नर उर्क्वेल बारा अंशांच्या घरातली असून ४.४ टक्केच आहे, कारण त्यात थोडी साखर न आंबता राहते. तीच ती १८४२ साली पिल्झेनमध्ये योझेफ ग्रोलने पहिल्यांदा काढलेली सोनेरी लागर.

दिवसभर चालून आल्यावर पहिला ग्लास देसीत्काचा घ्या. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणजे चांगली हे समीकरण झालंय, तिथे उलट बोलतात. दहा अंशांची चांगली जमली तर बनवणाऱ्याला मानतात.

गोधडी

शाकाहारी लोकांनी खायचं काय? की नुसता फेस खायचा?

तांब्याभांडं

तळघरात बहुतेकदा स्वयंपाकघर नसतं किंवा एका बाकाएवढं असतं. त्यामुळे बरणीतले आणि गार पदार्थ जास्त. चालणारे हे:

नाक्लादनी हेर्मेलीन. वरून पांढऱ्या बुरशीचं मऊ चीज आडवं कापून मधे लसूण आणि लाल तिखट, पुन्हा बंद करून कांदा, मिरी, तमालपत्र, लाल मिरच्या यांच्यासोबत तेलात बुडवून आठवडाभर मुरवतात. आपल्या लोणच्याच्या जातीचा प्रकार. नीट मुरलं असेल तर सुरी लोण्यातून जावी तशी जाते. मधे खडूसारखं पांढरं कडक लागलं तर घाईने काढलंय.

पिव्नी सीर: उग्र चीज, लोणी, चिरलेला कांदा, मोहरीची चटणी वेगवेगळी येते. सगळं काट्याने कालवायचं, वर ग्लासातली चमचाभर बिअर ओतायची आणि काळ्या पावावर लावायचं.

तोपिंकी: तळलेला पाव, वर सोललेली लसणाची पाकळी. पाकळी पावाच्या खरखरीत अंगावर किसणीसारखी घासायची. इथेच गोची आहे. पाव बऱ्याचदा सादलो, म्हणजे डुकराच्या चरबीत तळतात. ‘बेझ सादला?’ विचारा. ब्रांबोराक हे बटाट्याचं थालीपीठ दिसायला निरुपद्रवी, पण त्यात अंडं असतं आणि तेही कधी चरबीत तळलेलं. चेस्नेच्का हे लसणाचं सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. ‘बेझ मासा’ (मांस नको) म्हटलं तरी शुन्का, म्हणजे हॅमचे तुकडे, कुणी मांसात धरेलच असं नाही. शुन्का वेगळं नाव घेऊन विचारायचं.

मांसाहारी असाल तर उतोपेनेत्स मागवा. व्हिनेगर आणि कांद्यात मुरवलेला जाडा सॉसेज. नावाचा अर्थ ‘बुडालेला’.

आणि हो, चकणा फुकट नसतो. टेबलावर टोपलीत पाव किंवा खारे प्रेत्झेल ठेवलेले असतात, त्यातला जेवढा खाल तेवढा बिलात लागतो.

फेसाळ

चिठ्ठीचं सांगायला हवं, गोंधळ तिथेच होतो.

बसलात की वेटर कागदाची लांबट चिठ्ठी टेबलावर ठेवतो. तिला लीस्तेक म्हणतात. प्रत्येक ग्लासामागे एक रेघ, खाणं असेल तर खाली आकडा. हेच बिल. ती चिठ्ठी ओली करू नका, त्यावर पत्ता लिहू नका, खिशात तर मुळीच घालू नका. हरवली तर पुढचं संभाषण महाग पडतं. बऱ्याच जागी आता यंत्रातून बिल येतं, पण लहान जागी कागद टिकून आहे.

दुसरं म्हणजे, ग्लास संपत आला की न विचारता दुसरा येतो आणि दुसरी रेघ पडते. ही जबरदस्ती नव्हे, रीत आहे. नको असेल तर रिकाम्या ग्लासावर तात्सेक (खालची पुठ्ठ्याची चकती) ठेवा, किंवा ‘झाप्लातीम, प्रोसीम’ म्हणा, म्हणजे पैसे देतो. हवा असेल तर ‘येश्त्ये येद्नो’.

बोटांनी सांगायचं तर एक म्हणजे अंगठा, दोन म्हणजे अंगठा आणि तर्जनी. आपण सवयीने नुसती तर्जनी दाखवतो, त्यावरून कुणी दोन समजला तर आश्चर्य वाटू नये.

जुना उरलेला घोट नव्या ग्लासात ओतू नका. बघणाऱ्यांना ते अंगावर येतं. चिअर्स करताना ‘ना झ्द्रावी’, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

गोधडी

चेक लोक सारखे ‘नो, नो’ म्हणतात ते नकार असतो का?

कोथरूड_ते_ब्र्नो

उलट. ‘आनो’ म्हणजे हो, त्याचं तोंडातल्या तोंडात ‘नो’ होतं. नाही म्हणजे ‘ने’. वेटरच्या ‘आणखी एक?’ या अर्थाच्या प्रश्नाला तुम्ही ‘नो’ म्हणून नकार दिलात की ग्लास येणार.

याच चालीवर: शौचालयाच्या दारावर ‘पानी’ लिहिलेलं असतं, ते पाणी नव्हे. पानी म्हणजे पुरुष, दामी म्हणजे बायका. आपल्या लोकांनी बाटली भरायला जाऊ नये.

शून्य_पॉइंट_पाच

हवा आणि उष्णता याबद्दल गंभीरपणे लिहितो.

रिकामं दगडी तळघर वर्षभर दहा-बारा अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. पण माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. पंचवीस माणसं म्हणजे अडीच किलोवॅटचा हीटर. त्यात काउंटरखालचं बिअर गार करणारं यंत्र स्वतःची उष्णता त्याच खोलीत टाकतं. म्हणून जानेवारीत उतरताना थंडी आणि अर्ध्या तासात घाम. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन थर घाला. कोट टांगायचे हुक टेबलाखाली किंवा भिंतीत असतात, खुर्चीच्या पाठीवर कोट टाकला की वेटरची वाट बंद होते.

दुसरा मुद्दा वायूचा. बिअर ढकलायला कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरतात. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली तर जमिनीलगत साचतो आणि तळघरातून आपोआप बाहेर जात नाही. नीट चालवलेल्या जागी पिंपांच्या खोलीत मापक आणि भोंगा लावलेला असतो. त्याचा भोंगा वाजला, किंवा बऱ्याच लोकांचं एकदम डोकं जड झालं, धाप लागू लागली, तर ‘बिअर चढली’ म्हणत बसू नका, वर या. बसण्याआधी हिरवी ‘ऊनिकोवी विखोद’ची पाटी कुठे आहे तेवढी बघून ठेवा. जिना एकच आणि तोही माणसांनी भरलेला, अशा जागी मी तरी थांबू नका म्हणेन, फेस कितीही दाट असो.

धुराचा प्रश्न ३१ मे २०१७ पासून मिटला, तेव्हापासून आत सिगारेटला बंदी आहे. ओढणारे वर रस्त्यावर उभे राहतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असल्यामुळे वरच्या रहिवाशांची भांडणं तिथेच होतात. वर गेलात तर हळू बोला. २०२४ मध्ये प्रागने रात्रीच्या संघटित पब-सहलींवर बंदी घातली, ती याच कारणाने.

वरणफळ

सोबत न पिणारं कुणी असेल तर? आणि गुडघेदुखीवाले सासरे-सासूबाई?

तांब्याभांडं

न पिणाऱ्याने कोफोला मागवावा. १९६० पासूनचा तिथला कोला, वनस्पतींच्या कडसर चवीचा, बऱ्याच जागी नळातूनच येतो. नाहीतर मालिनोव्का, रास्पबेरीचं गोड सरबत. बिनअल्कोहोलची बिअर ‘नेआल्को’ म्हणून सगळीकडे मिळते. वयाची अट १८ आहे, महाराष्ट्रात बिअरला २१ आहे, त्यामुळे कॉलेजातली मुलं सोबत असतील तर आश्चर्यचकित होऊ नका. ओळखपत्र जवळ असू द्या.

गुडघ्यांसाठी ही जागाच नाही, हे स्पष्ट सांगतो. लिफ्ट नसते, आणि काही घरांत शौचालय आणखी एक मजला खाली असतं. त्यांना घेऊन जायचं तर ‘उ पिंकासू’सारखं वरही आणि खालीही खोल्या असलेलं ठिकाण बघा. तिथे १८४३ पासून पिल्झेनची बिअर मिळतेय. हुसोवा रस्त्यावरचं ‘उ झ्लातेहो तिग्रा’ तर रस्त्याच्या पातळीवरच आहे, बिअर तेवढी तळघरात असते. १९९४ मध्ये तेव्हाचे चेक राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल बिल क्लिंटन यांना घेऊन गेले होते ते हेच. दुपारी तीनला उघडतं आणि उघडायच्या आधीच दारात रांग लागते. रोजच्या गिऱ्हाइकांची (श्टामगास्त) टेबलं ठरलेली असतात, तिथे बसायला मिळेल ही आशा धरू नका.

आणि वाट चुकायचीच असेल तर वोदिच्कोवा रस्त्यावरचं ‘उ सुदू’. वरून एक खोली दिसते, आत एकातून एक तळघरं निघत जातात.

गोधडी

पैसे रोख की कार्ड? आणि रात्री परत कसं यायचं?

कोथरूड_ते_ब्र्नो

दोन्ही ठेवा. मीटरभर जाडीच्या भिंतीत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे कधी कार्डाचं यंत्रही अडतं. हजारेक कोरुना (तिथलं चलन) सुट्ट्यांसह जवळ असू द्या. युरो देऊ नका, दर त्यांचा लागतो. एटीएमने ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ विचारलं तर नाही म्हणा. रस्त्यावरच्या चलनबदल दुकानात फसलात तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, २०१९ पासून तसा कायदा आहे. टिप म्हणजे वरचा आकडा गोल करणं, फार तर दहा टक्के. वेटर समोर उभा असतानाच एकूण किती घ्यायचे ते सांगायचं, टेबलावर नाणी सोडून निघायचं नाही.

नकाशा खाली उतरायच्या आधीच उतरवून घ्या. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये, तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. त्यानंतर नव्वदच्या घरातल्या क्रमांकांच्या रात्रीच्या ट्राम धावतात आणि त्या लाझार्स्का थांब्यावर एकत्र येतात. कुठल्याही तळघरातून वर आलात की आधी लाझार्स्का कुठे ते शोधा. कागदी तिकीट घेतलं तर चढल्यावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या, शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट.

गोधडी

आभार. शुन्का, सादलो आणि लाझार्स्का लिहून घेतलं. चिठ्ठीवर नाही, वहीत.